घरांची वाट रहिवाशांनी लावली नाही

"गरिबांना चांगली घरं द्या, ते त्यांची वाट लावणारच." हे ऐकलं की जीव तुटतो. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या सेंट लुईसची प्रुइट-आयगो ही वसाहत पुढे केली जाते: १९५० च्या दशकात बांधलेल्या ११ मजली ३३ इमारती, १९७२ पासून सुरुंग लावून पाडल्या.

पण हिशेब बघा. बांधकामाला सरकारने पैसा दिला, देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून भागवायची होती. लोक शहर सोडून उपनगरांत चालले होते. घरं ओस पडली, भाडं आटलं. मग लिफ्ट बंद पडली तर बंदच. मुळात ती दर तिसऱ्या मजल्यालाच थांबायची. हातात सामान, कडेवर मूल घेऊन अंधाऱ्या जिन्याने चढणाऱ्या बाईचा यात काय दोष? दुरुस्ती नाही आणि भाडं मात्र वाढतंय म्हणून रहिवाशांनीच १९६९ मध्ये भाडेबंदी केली. घराची पर्वा नसलेली माणसं असं लढत नाहीत.

व्हिएन्नातली कार्ल-मार्क्स-होफ ही महापालिकेची वसाहत १९३० मध्ये खुली झाली. तिथे आजही कुटुंबं नांदतात, कारण पालिकेने ती बांधून वाऱ्यावर सोडली नाही.