लोणी परदेशी पाठवायचंय? आधी कारखाना बघा, मग अर्ज भरा

हिवाळ्यात दुधाचा पुष्टकाळ सुरू झाला की राज्यातल्या डेअऱ्यांची शीतगृहं पांढऱ्या लोण्याने आणि गोदामं भुकटीने भरायला लागतात. गायीच्या दुधाचा दर उतरतो आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढं लोणी पडून आहे, बाहेर का पाठवत नाही?" प्रश्न रास्त आहे. मग दुसऱ्या दिवशी कुणी तरी आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नोंदणी क्रमांक, काढतो, व्हॉट्सॲपवर 'आम्ही निर्यातदार' म्हणून कार्ड फिरवतो आणि गाडी तिथेच थांबते. कारण आयईसी हा या कामातला सगळ्यात सोपा कागद आहे. लोण्याची निर्यात अडते ती कारखान्याच्या मान्यतेपाशी आणि आरोग्य प्रमाणपत्रापाशी. म्हणून या लेखात सोप्या कागदांवर थोडंच लिहिलंय, अवघडांवर जास्त.

आधी समोर कोण उभं आहे ते बघू. जगात लोण्याचा सगळ्यात मोठा निर्यातदार न्यूझीलंड. लोकसंख्या जेमतेम पन्नास लाखांच्या वर, वर्षाचं दूध सुमारे २१ अब्ज लिटर, आणि त्यातलं ९५ टक्क्यांच्या आसपास बाहेर जातं. त्याच्यामागे आयर्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, डेन्मार्क असे युरोपातले देश. युरोपीय संघाने १९८४ पासून लावलेला दुधाचा कोटा ३१ मार्च २०१५ ला संपला, आणि आयर्लंडने त्यानंतर दूध झपाट्याने वाढवलं. आपण दुधात जगात पहिले आहोत, २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९० लाख टन दूध झालं. पण ते बहुतेक आपणच पितो, खातो आणि कढवून तूप करतो. आपलं लोणी बाजारात येतं ते उरलं तर. न्यूझीलंडचं लोणी तयारच होतं ते परक्या गिऱ्हाइकासाठी.

तिथली व्यवस्थाही तशीच बांधलेली आहे. १९९९ च्या त्यांच्या कायद्याखाली निर्यातदाराची नोंदणी सरकारच्या प्राथमिक उद्योग मंत्रालयाकडे होते, कारखान्याचा अन्नसुरक्षा आराखडा तिथेच मंजूर होतो आणि मालाबरोबर जाणारं सरकारी हमीपत्र संगणकावरून निघतं. म्हणजे दुबईतल्या किंवा शांघायमधल्या खरेदीदाराला लोण्याबरोबर सरकारचा शब्द मिळतो. आपल्याकडेही हीच यंत्रणा आहे, फक्त ती चार-पाच कार्यालयांत विखुरलेली आहे आणि कुठून सुरुवात करायची हे कुणी सांगत नाही.

सुरुवात करायची गिऱ्हाइकाच्या देशापासून. भारतात जनावरांचा लाळ्या-खुरकूत हा साथीचा रोग आहे. त्यामुळे बरेच देश आपल्या दुधाच्या पदार्थांवर जादा अटी घालतात, काही देश तर माल घेतच नाहीत. दूध किती अंशांवर किती वेळ तापवलं हे प्रमाणपत्रात लिहून द्यावं लागतं. आयात करणाऱ्या देशाचा प्रमाणपत्राचा नमुना असतो, तो खरेदीदाराकडूनच आधी मागवा. तो देऊ शकत नसेल तर तो खरेदीदार अजून तयार नाही असं समजा. अमेरिकेला माल पाठवायचा असेल तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे कारखान्याची नोंदणी, मालाची आगाऊ सूचना आणि तिथल्या आयातदाराकडे लोण्याच्या कोट्याचा परवाना लागतो. परवाना नसेल तर शुल्क इतकं बसतं की सौदाच उरत नाही. आखातात, म्हणजे अमिरात, सौदी, बहारीन, आपला माल रुळलेला आहे आणि तिथला भारतीय ग्राहक आपलं तूप ओळखतो. पहिल्या खेपेसाठी बहुतेकजण तिकडेच वळतात आणि ते बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट मालाची, आणि इथे एक खड्डा आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत टेबल बटरला किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो, पण पांढऱ्या लोण्याला ७६ टक्के चालतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात मात्र लोणी म्हणजे किमान ८० टक्के स्निग्धांश, जास्तीत जास्त १६ टक्के पाणी, २ टक्के स्निग्धेतर घन. शीतगृहातलं आपलं पांढरं लोणी देशात कायदेशीर असूनही बंदरावर पडलेलं राहू शकतं ते यामुळे. सौदा करण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल काढा, आणि तो त्याच बॅचचा काढा, मागच्या महिन्याचा दाखवू नका. रंगाचंही बघा. म्हशीच्या दुधाचं लोणी पांढरंफटक असतं, कारण म्हैस चाऱ्यातलं कॅरोटीन दुधात तसंच सोडत नाही. गवतावर चरलेल्या न्यूझीलंडच्या गायीचं लोणी पिवळंधमक. परदेशातल्या बेकरीवाल्याला पिवळं हवं असतं. गायीचं लोणी असेल तर ते पत्रकात ठळक लिहा.

आता कागद. पात्रता रुंद आहे. एकटा मालक, भागीदारी, कंपनी, सहकारी संघ, शेतकरी उत्पादक कंपनी, कुणीही अर्ज करू शकतं. स्वतःचा कारखाना असलाच पाहिजे असं नाही. दुसऱ्याकडून माल घेऊन पाठवणाऱ्याला मर्चंट एक्स्पोर्टर म्हणतात. पण त्याचाही माल मान्यताप्राप्त कारखान्यातलाच लागतो, हे विसरू नका.

आयईसी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर निघतो. शुल्क ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि आधारवरून ई-सही किंवा डिजिटल सही, एवढंच. पॅन क्रमांक हाच आयईसी क्रमांक. तो काढून विसरू मात्र नका. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो, काही बदललं नसलं तरीही. न केल्यास तो निष्क्रिय होतो. एका ओळखीच्या तूपवाल्याला हे कळलं तेव्हा त्याचा कंटेनर बंदराच्या वाटेवर होता.

जीएसटीत निर्यात शून्य दराची. लोणी आणि तुपावरचा देशांतर्गत दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण निर्यातीवर तोही आधी भरून परत मागायचा नसेल तर आरएफडी-११ या नमुन्यात हमीपत्र द्यायचं. हे हमीपत्र एका आर्थिक वर्षापुरतं असतं, एप्रिलमध्ये नवं भरा. डेअरीकडून माल विकत घेऊन पाठवणाऱ्याला ०.१ टक्का दराने खरेदीची सवलत आहे, अट अशी की ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे आणि खरेदीची ऑर्डर आधी नोंदलेली पाहिजे.

बँकेकडून चौदा अंकी एडी कोडचं (परकीय चलन हाताळणाऱ्या तुमच्या बँक शाखेच्या ओळख क्रमांकाचं) पत्र घ्या आणि तो कस्टमच्या आइसगेट प्रणालीवर तुमच्या बंदरासाठी नोंदवा. आपल्यासाठी बंदर म्हणजे बहुधा न्हावा शेवा. हे काम माल निघायच्या आठवड्यात करायचं नसतं.

अपेडाची, म्हणजे शेतमाल व प्रक्रिया पदार्थांच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी (आरसीएमसी) लागतेच, कारण दुधाचे पदार्थ अपेडाच्या अनुसूचित यादीत आहेत. शुल्क ५,००० रुपये अधिक जीएसटी, मुदत पाच वर्षं. आयईसी, पॅन, कंपनीचे कागद, बँकेचा तपशील आणि अन्नसुरक्षा परवाना जोडायचा. अपेडाचं मुंबई विभागाचं कार्यालय वाशीत आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने तिथे एकदा जाऊन यावं असं माझं मत आहे. फोनवर जे तीन दिवसांत उलगडत नाही ते समोर बसून पंधरा मिनिटांत उलगडतं.

अन्नसुरक्षा परवान्यात निर्यातदाराचा प्रकार वेगळा निवडावा लागतो, स्थानिक विक्रीचा परवाना असला म्हणजे झालं असं नाही. रोज ५०,००० लिटरपेक्षा जास्त दूध हाताळणारी डेअरी केंद्रीय परवान्याखाली येते.

इथवर सगळं संगणकासमोर बसून होतं. खरं काम पुढे आहे.

दुधाचे पदार्थ हे निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) कायदा, १९६३ खालचा अधिसूचित माल आहे आणि त्यांच्यासाठी २००० सालापासून वेगळे नियम आहेत. त्यानुसार कारखान्याला निर्यात तपासणी परिषदेच्या एजन्सीकडून मान्यता घ्यावी लागते. एजन्सीची मुख्य कार्यालयं पाच : मुंबई, कोलकाता, चेन्नई, दिल्ली, कोची. आपलं काम मुंबईकडे. अर्जाबरोबर कारखान्याचा नकाशा, यंत्रांची यादी, दूध येण्यापासून लोणी पेटीत जाईपर्यंतचा प्रवाह-तक्ता, हॅसेपची (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याच्या पद्धतीची) पुस्तिका, पाण्याचे तपासणी अहवाल, प्रदूषण मंडळाची संमती, तंत्रज्ञांची पात्रता आणि दूध कुठल्या संकलन केंद्रांवरून येतं त्याची यादी द्यायची. मग तज्ज्ञांचं पथक येतं.

पथक काय बघतं हे नीट समजून घ्या. भिंतीला रंग दिलाय का हे ते बघतं, पण त्यापेक्षा जास्त वेळ नोंदवह्या बघण्यात जातो. पाश्चरायझरचा तापमान-आलेख रोजचा आहे का. तापमान उतरलं तेव्हा दूध आपोआप मागे वळलं का आणि ते कुणी लिहून ठेवलं. कच्चं दूध आणि तयार लोणी यांची वाट कुठे एकमेकांना छेदते का. संकलन केंद्रावर प्रतिजैविकांची चाचणी होते का. अफ्लाटॉक्सिन एम-१ (बुरशी लागलेल्या खाद्यातून दुधात उतरणारं विष), कीटकनाशकांचे अंश, प्रतिजैविकं यांसाठी अवशेष नियंत्रणाची योजना असते आणि तिच्याखाली नमुने घेतले जातात. गावातल्या एका गोठ्यात स्तनदाहासाठी दिलेलं इंजेक्शन आणि तरीही त्याच संध्याकाळी घातलेलं दूध, एवढ्यावर सगळी बॅच जाऊ शकते. म्हणून मी म्हणतो की ही मान्यता कारखान्याला मिळत असली तरी ती मिळवावी लागते गोठ्यापासून. त्रुटी निघाल्या तर दुरुस्तीला वेळ मिळतो, पण घाईत छापून आणलेली पुस्तिका पथकाला पहिल्या तासात ओळखू येते.

मान्यता मिळाली की कारखान्याला क्रमांक मिळतो आणि तो पेट्यांवर छापतात. त्यानंतर प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र वेगळं घ्यायचं. काही देश पशुवैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, ते केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याच्या प्राणी विलगीकरण सेवेकडून मिळतं. बहुतेक देशांना प्रमाणपत्रावरची तारीख जहाज सुटण्याआधीची हवी असते. माल गेल्यावर मागून प्रमाणपत्र काढू, ही सवय इथे चालत नाही. हलाल प्रमाणपत्र खरेदीदार मागेल तर घ्या.

खेपेचे कागद मग सरळ आहेत : व्यापारी बीजक, पॅकिंग लिस्ट, करारपत्र किंवा एलसी (खरेदीदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र), विमा, उत्पत्ती प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल, शिपिंग बिल (कस्टमकडे भरायचा निर्यातीचा अर्ज). मालाचा कोड लोण्याला ०४०५१०००, तुपाला ०४०५९०२०. अमिरातीशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. तुमच्या कोडला त्यात सवलत आहे की नाही ते तपासूनच त्या नमुन्यातलं उत्पत्ती प्रमाणपत्र मागा. बॅच क्रमांक, निव्वळ वजन आणि खरेदीदाराचं नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः एकसारखं हवं. एका ठिकाणी 'ॲण्ड' आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचं चिन्ह, एवढ्यावरही एलसीचे पैसे अडकतात.

लोणी बहुधा २५ किलोच्या खोक्यांत, उणे १८ अंशांवर, रीफर म्हणजे शीत कंटेनरमधून जातं. कंटेनर भरण्याआधी तो थंड करून तपासलेला असावा, कारखान्यातच भरून आरएफआयडी सील लावायचं तर कस्टमची स्वयं-सीलबंदीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि भरलेल्या कंटेनरच्या एकूण वजनाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. क्लिअरिंग एजंट निवडताना स्वस्त दरापेक्षा त्याने याआधी थंड माल हाताळलाय का ते विचारा. सुकं धान्य पाठवणारा एजंट कंटेनर थंड ठेवायला लागणाऱ्या विजेच्या प्लग-पॉइंटची चौकशी विसरतो. तुपाला ही कटकट नाही, ते साध्या कंटेनरमधून जातं. म्हणूनच नव्या निर्यातदाराला मी तुपापासून सुरुवात करा असं सांगतो, लोणी दुसऱ्या वर्षी.

दराचा अंदाज न्यूझीलंडमधून चालणाऱ्या ग्लोबल डेअरी ट्रेडच्या लिलावावरून घ्या. २००८ पासून तो होतोय, आता पंधरवड्याला एकदा मंगळवारी. मे २०२५ मध्ये तिथे लोण्याचा भाव टनाला ८,००० डॉलरच्या जवळ गेला होता आणि वर्षाच्या उत्तरार्धात उतरला. चढ्या भावात सौदा करून मान्यतेच्या अर्जाला बसलात तर मान्यता मिळेपर्यंत भाव खाली आलेला असतो. मान्यता हातात ठेवून भावाची वाट बघणं परवडतं. आणि महासंचालनालयाच्या अधिसूचनांवरही डोळा ठेवा. २०११ मध्ये दूध भुकटीच्या निर्यातीवर बंदी आली होती, ती २०१२ मध्ये उठली. देशात दर भडकले की असं पुन्हा होऊ शकतं.

शिपिंग बिल भरतानाच रोडटेप या निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या योजनेचा लाभ घेणार असल्याचं नमूद करायचं, नंतर ते जोडणं डोकेदुखी आहे. पैसे बँकेत आले की महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ई-बीआरसी, म्हणजे पैसे आल्याचा दाखला, काढा, आणि पाठवलेल्या प्रत्येक बॅचचा सीलबंद नमुना माल खपेपर्यंत कारखान्याच्या शीतगृहात जपून ठेवा. तक्रार आली तर उत्तर त्या नमुन्यातच असतं.