निलंबनाविरुद्ध लवाद की कोर्ट? दोन्हीकडे विचारला जाणारा प्रश्नच वेगळा

३ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीचं, चेंडूंमधली हवा मुद्दाम कमी केल्याच्या प्रकरणातलं, चार सामन्यांचं निलंबन रद्द केलं आणि अनेकांनी त्याचा अर्थ ‘ब्रेडी निर्दोष सुटला’ असा लावला. पण चेंडूंमधली हवा कोणी काढली, ब्रेडीला ते ठाऊक होतं का, हा प्रश्न न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी सोडवलाच नव्हता. तो सोडवणं त्यांचं कामही नव्हतं.

अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूला निलंबनाविरुद्ध आधी लवादाकडे जावं लागतं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारातच तशी तरतूद असते. लवाद पुरावा पाहतो, साक्षी ऐकतो, शिक्षा जास्त वाटली तर कमी करतो. बेसबॉलपटू ॲलेक्स रॉड्रिगेझला २०१३ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात २११ सामन्यांची बंदी झाली. लीग आणि संघटना या दोघांना मान्य असलेले लवाद फ्रेडरिक होरोविट्झ यांनी जानेवारी २०१४ मध्ये ती १६२ सामन्यांवर आणली. लगेच रॉड्रिगेझ कोर्टात गेला आणि महिन्याभरात त्याने दावा मागेही घेतला. त्याला जी सवलत मिळायची ती लवादाकडेच मिळाली होती.

कोर्टात हे सगळं पुन्हा उकरता येत नाही. तिथे एवढंच पाहतात की लवादाने करारातून मिळालेल्या अधिकारात राहून निर्णय दिला का आणि सुनावणी मुळातच अन्यायकारक होती का. लवादाने पुरावा चुकीचा वाचला, एवढ्यावर निवाडा रद्द होत नाही. वाचायला हे विचित्र वाटतं, पण लवाद नेमण्यामागे वाद कोर्टाबाहेर मिटावा हाच तर हेतू असतो.

ब्रेडीच्या प्रकरणातली खरी गोम इथेच आहे. शिक्षा एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने) दिली, अपील ऐकलं एनएफएलचेच आयुक्त रॉजर गुडेल यांनी आणि २८ जुलै २०१५ रोजी शिक्षा कायमही त्यांनीच केली. आपल्याच कार्यालयाच्या निर्णयावर आपणच लवाद! आपल्याला हे सरळसरळ गैर वाटेल. मलाही वाटतं. पण २०११ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने आयुक्तांना हा अधिकार सही करून दिला होता.

बर्मन यांनी निवाडा रद्द केला तो प्रक्रियेतल्या त्रुटींवर: अशा वर्तनाला निलंबन होऊ शकतं याची ब्रेडीला पूर्वसूचना नव्हती, लीगचे वकील जेफ पॅश यांची उलटतपासणी घेऊ दिली नाही, तपासाची कागदपत्रं दिली नाहीत. २५ एप्रिल २०१६ रोजी वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मताने निलंबन परत लागू केलं. त्यांचं म्हणणं साधारण असं: ब्रेडी दोषी आहे का, चार सामने योग्य की तीन, हे आम्ही ठरवत नाही, आयुक्त करारातल्या अधिकाराबाहेर गेले नाहीत, एवढंच बघतो. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांचं मत वेगळं होतं. ब्रेडीने सर्वोच्च न्यायालयाचा नाद सोडला आणि २०१६ चे पहिले चार सामने बाहेर बसला.

तात्पुरत्या स्थगितीनेही असाच घोळ होतो. २०१७ मध्ये सहा सामन्यांचं निलंबन झालेला एनएफएलचा खेळाडू इझिकिएल इलियट कोर्टाच्या आदेशांमुळे काही आठवडे खेळत राहिला. शेवटी त्याला सहाही सामने बाहेर काढावे लागले.

खेळाडू कोर्टात जिंकला, तरी अनेकदा प्रकरण लवादाकडेच परत येतं. चिनी जलतरणपटू सुन यांगची आठ वर्षांची बंदी डिसेंबर २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कारण, लवाद मंडळाच्या अध्यक्षांची चिनी लोकांबद्दलची ट्विट्स पाहता त्यांच्या निःपक्षपातीपणावर रास्त शंका येत होती. सुन दोषी की निर्दोष, हा मुद्दाच नव्हता. नव्या मंडळाने २०२१ मध्ये पुन्हा सुनावणी घेतली आणि चार वर्षं तीन महिन्यांची बंदी घातली.

एनएफएलमध्ये थोडाफार बदल झाला, तोही कोर्टामुळे नाही, करारामुळे. २०२० च्या करारानुसार वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांत पहिला निर्णय लीग आणि संघटना मिळून नेमलेला अधिकारी देतो. अपील मात्र आयुक्तांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीकडेच जातं. २०२२ मध्ये एनएफएलचा खेळाडू डेशॉन वॉटसनला असं नेमलेल्या निवृत्त न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी सहा सामन्यांचं निलंबन दिलं, लीगने अपील केलं आणि तडजोडीत ते ११ सामने व ५० लाख डॉलर दंडावर गेलं.