दहा दिवसांतून एकदा उघडणारं ॲप फेल म्हणायचं का?

समजा करवीर तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेनं सभासदांसाठी ॲप काढलंय. त्यात सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि रेट दिसतो, दर दहा दिवसांनी बिल दिसतं, पशुखाद्याची उचल दिसते आणि खाली कोपऱ्यात जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं बटण आहे. महिन्याभरानं ॲप बनवणाऱ्यांना प्रश्न पडतो की यातलं लोक नक्की काय वापरतायत. प्रश्न साधा वाटतो पण त्याचं उत्तर काढायची पद्धत चुकली की चांगलं फीचर बंद पडतं आणि बिनकामाचं डोक्यावर बसतं, आणि यात नुकसान ॲपवाल्याचं कमी आणि म्हशीच्या दुधावर घर चालवणाऱ्या बाईचं जास्त होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे मोजतात कसं ते बघू. तुम्ही बटण दाबलं की ॲप फोनमध्ये एक छोटी नोंद करतं, तिला 'इव्हेंट' म्हणतात. काय दाबलं, किती वाजता, कुठल्या खात्यातून, ॲपचं व्हर्जन कुठलं, एवढंच त्यात असतं. या नोंदी साठतात आणि गठ्ठ्यानं सर्व्हरला जातात. रेंज नसेल तर फोनमध्येच थांबतात, त्यामुळं गगनबावड्याकडं एखाद्यानं सकाळी सहाला दाबलेलं बटण सर्व्हरला दुपारी कळतं असं होऊ शकतं. तुम्ही फक्त सर्व्हरची वेळ धरली तर वाटणार लोक दुपारी दुधाची पावती बघतात, फक्त फोनची वेळ धरली तर काही फोनचं घड्याळच चुकीचं असतं, म्हणून दोन्ही वेळा ठेवाव्या लागतात. हे बारीक काम आहे, कंटाळवाणं आहे, पण इथंच चुकलं तर पुढचे सगळे रंगीत चार्ट वाया.

आता नोंदी आल्या. पुढं बहुतेक जण पहिला आकडा काढतात तो रोजच्या वापरकर्त्यांचा, त्याला महिन्याच्या वापरकर्त्यांनी भागतात, आणि येणाऱ्या टक्केवारीला 'स्टिकीनेस' म्हणतात. चॅटच्या ॲपला हा आकडा बरोबर बसतो कारण माणसं रोज बोलतात. पण आपल्या बिलाच्या पानाचं बघा. १००० सभासद आहेत आणि प्रत्येक जण न चुकता बिलाच्या दिवशी म्हणजे महिन्यातून तीनदा पान उघडतो. महिन्याचे वापरकर्ते १०००, रोजची सरासरी १००, म्हणजे स्टिकीनेस १० टक्के. बाहेरून बघणारा म्हणणार लई वाईट आहे, काढून टाका! आणि प्रत्यक्षात एकही बिल न बघता राहिलेलं नाही, याच्यापेक्षा चांगला वापर असूच शकत नाही. त्या पानाला विचारायचा प्रश्न असा की गेल्या दहा दिवसांत ज्यांचं बिल निघालं त्यातल्या किती जणांनी ते पाहिलं. ऊसतोडीची नोंद दाखवणारं फीचर असेल तर त्याचा हिशेब हंगामाचा, मे महिन्यात ते कुणी उघडलं नाही म्हणून काळजी करण्यात अर्थ नाही. डॉक्टरच्या बटणाचा तर कॅलेंडरशी संबंधच नाही, जनावर आजारी पडलं तरच ते दाबणार, मग भागायचं ते आजारी पडलेल्या जनावरांच्या संख्येनं, एकूण सभासदांच्या नाही. माझं म्हणणं सगळं मिळून एवढंच आहे की कामाची स्वतःची एक लय असते आणि मोजमाप त्या लयीत बसवलं पाहिजे, उलटं नाही.

बरं, माणूस म्हणजे कोण हेसुद्धा नीट ठरत नाही. गावात खातं सासूबाईंच्या नावावर, फोन नातवाचा, आणि बिल वाचून दाखवणारा शेजारचा पोरगा. तीन माणसांचा एक फोन किंवा एका माणसाचे दोन फोन, सर्व्हरला हे कळत नाही, त्याला खातं आणि फोन एवढंच दिसतं. शिवाय दूध घातल्यावर लिटर-फॅटचा मेसेज सरळ फोनवर यायला लागला तर ॲप उघडायची गरजच उरत नाही. मग वापराचा आकडा खाली येतो आणि सोय मात्र वाढलेली असते. अशा वेळी पोचलेले मेसेज मोजा, आणि संस्थेत येऊन 'माझं फॅट किती लागलं' विचारणारे कमी झाले का ते सेक्रेटरींना विचारा.

वेळेचं मोजमापही असंच फसवं आहे. यूट्यूबनं २०१२ मध्ये व्हिडिओ सुचवताना नुसत्या व्ह्यूजऐवजी माणूस किती वेळ बघतो याला महत्त्व द्यायला सुरुवात केली, कारण भडक चित्र लावून क्लिक मिळवणारे व्हिडिओ वर येत होते आणि लोक उघडून लगेच बंद करत होते. तिथं जास्त वेळ ही चांगली खूण. बिलाच्या पानावर कुणी सहा मिनिटं थांबला तर ती वाईट खूण, त्याला कपात कशाची झाली ते सापडत नाहीये. २०१० मध्ये गुगलच्या संशोधकांनी 'हार्ट' नावाची एक चौकट मांडली, त्यात समाधान, वापराचं प्रमाण, नव्यानं वापरायला लागलेले, टिकून राहिलेले आणि काम पूर्ण होणं या पाच गोष्टी वेगवेगळ्या धरल्या आहेत. मला त्यातली शेवटची सगळ्यात मोलाची वाटते आणि नेमकी तीच मोजायचा लोक आळस करतात, कारण काम म्हणजे काय हे आधी बसून ठरवावं लागतं.

इथं एक आपल्या भागातलं नाव सांगायलाच पाहिजे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, १९११ चा जन्म, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, जगभर नाव झालेले संख्याशास्त्रज्ञ. पिकाचा उतारा काढायला सगळी शेतं कापून मोजता येत नाहीत, म्हणून शेतात रँडम पद्धतीनं एक तुकडा आखायचा आणि तेवढंच कापून वजन करायचं. १९४० च्या दशकात सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. हद्दीवरचं रोप आत धरायचं का बाहेर, यात मोजणाऱ्याचा हात आत धरण्याकडं झुकतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानानं हद्द जास्त. ॲपमध्ये ही हद्द म्हणजे 'सेशन', म्हणजे एका बैठकीतला वापर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला. वेबसाइट मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्समध्ये मूळ सेटिंग असं असतं की ३० मिनिटं हालचाल नाही म्हणजे सेशन संपलं. आता एखाद्यानं पावती बघितली, दुसऱ्या म्हशीची धार काढून चाळीस मिनिटांनी परत बघितली तर सेशन दोन, वीस मिनिटांनी बघितली तर एक. तासभर चालणाऱ्या वापरात याचा फारसा फरक पडत नाही, पण पंधरा सेकंदांच्या वापरात रेघ कुठं ओढली यावर जवळपास सगळा आकडा ठरतो. त्यामुळं असल्या ॲपचे सेशन मोजून कुणी खूश होत असेल तर मला काळजी वाटते.

नवीन डिझाइन चांगलं का जुनं हे ठरवायला ए-बी टेस्ट करतात, म्हणजे निम्म्या लोकांना जुनं, निम्म्यांना नवीन, आणि कुणाला काय हे रँडम ठरवायचं. हीही मुळात शेतातली पद्धत, इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात खतांच्या प्रयोगांसाठी ती बसवली. पण गावात एक अडचण येते. सकाळी सगळे एकाच संस्थेत कॅन घेऊन उभे, एकाच्या फोनवर नवीन स्क्रीन दिसली की दुसरा विचारणार माझ्याकडं का नाही भावा, मग तो त्याच्याच फोनवर बघणार, आणि दोन गटांची सरमिसळ होणार. उपाय असा की माणसांऐवजी अख्ख्या गावावर चिठ्ठी टाकायची, हे गाव नव्याचं ते गाव जुन्याचं. मात्र मग ४० गावांत ८००० सभासद असले तरी प्रयोग ८००० चा समजायचा नाही, एका गावातली माणसं बरीचशी सारखी वागतात त्यामुळं त्याची ताकद ४० च्या जास्त जवळची. आणि घाई नको, नवं बटण दिसलं की पहिला आठवडा सगळेच दाबून बघतात, चार-पाच बिलं होऊन जाऊ द्या मग बघा कोण टिकलंय.

सगळ्यात अवघड मोजमाप मला पुराच्या पानाचं वाटतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी कोल्हापुरात पावसाळ्यात घराघरात विचारली जाते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. असं पान एखाद्या ॲपमध्ये असेल तर वर्षातले बरेच महिने ते जवळपास मोकळं राहणार आणि पाऊस लागला की रात्रभर लोक रिफ्रेश करत बसणार. तो वापर वाढला म्हणून फीचर यशस्वी म्हणायचं का? एकच माणूस दर दोन मिनिटांनी उघडत असेल तर बऱ्याचदा अर्थ असा की आकडा शिळा आहे, त्यावर वेळ लिहिलेली नाही, आणि त्याचा विश्वास बसत नाहीये. इथं मोजायचं ते पान गर्दीत किती सेकंदात उघडलं आणि दाखवलेली पातळी किती मिनिटं जुनी होती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पाणी शिरलं की लाइट जाते, टॉवर बंद पडतात, फोन उतरतात, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांच्या नोंदी सर्व्हरवर येतच नाहीत आणि चार्टमध्ये ती गावं शांत दिसतात. दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी विमानांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं, परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजताना न आलेली विमानं हिशेबात धरावीच लागतात. म्हणून पुराच्या दिवसांत आकडा अचानक शून्यावर गेलेली गावं वेगळी काढायची, पाणी ओसरल्यावर तिथं फोन लावायचे, जमलं तर जाऊन यायचं, आणि विचारायचं की शेवटची पातळी कळली कधी, कुणाकडनं कळली, आणि जनावरं सोडवायला तेवढा वेळ पुरला का.