गारो टेकड्या : जमीन आईच्या कुळाची, कागद नोकमाच्या नावाचा

मेघालयातील गारो समाजात मूल आईच्या कुळाचे आणि घर मुलीचे असते, हे आता बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. संगमा, मराक ही आडनावेही राजकारणाच्या बातम्यांमुळे महाराष्ट्रात परिचयाची झाली आहेत. या प्रथेवरच्या ताणांची चर्चा मात्र शिक्षण, ख्रिस्ती धर्म आणि शहर या कारणांपाशीच थांबते. जमिनीच्या नोंदींनी या व्यवस्थेत जो बदल घडवला तो अधिक खोलवरचा होता, आणि प्रस्तुत टिपणात भर त्यावरच आहे.

गारो कुळाला माचोंग म्हणतात. घराची वारस मुलगी म्हणजे नोकना. शेजारच्या खासी समाजात हा मान धाकट्या मुलीकडे जातो, तर गारो आईवडील मुलींपैकी कोणाही एकीची निवड करू शकतात. नोकनाचा नवरा, म्हणजे नोक्रोम, शक्यतो तिच्या वडिलांच्या माचोंगमधला, बहुधा आतेभाऊच असावा असा दंडक होता. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानणाऱ्या मराठी घरांना हे नाते ओळखीचे वाटेल, परंतु येथे भाचाच मामाच्या घरी राहायला जातो. त्याला मुलीकडचे तरुण पकडून नेत, तो पळून जाई, पुन्हा पकडला जाई. दोन-तीनदा पळाल्यावरही तो परतला नाही तर त्याची खरोखरच इच्छा नाही असे मानून त्याला सोडून देत. सासरा वारल्यावर विधवा सासूशीही नोक्रोमनेच विवाह करायचा असे, कारण मृताच्या कुळाने दिलेली जागा त्याच कुळाने भरून काढणे हे त्या कुळाचे कर्तव्य समजले जाई.

१८६९ मध्ये गारो टेकड्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८७२-७३ च्या लष्करी मोहिमेनंतर संपूर्ण मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. घरपट्टी लागू झाली, छोटे तंटे मिटवण्यासाठी लस्कर नावाचे स्थानिक अधिकारी नेमले गेले, काही जंगले राखीव ठरली. राखीव जंगले आणि वेठबिगार यांविरुद्ध विसाव्या शतकाच्या आरंभी मोठे आंदोलन झाले, ते जिल्ह्याच्या राजकीय इतिहासात नेहमी सांगितले जाते. कुळाच्या जमिनीच्या संदर्भात मात्र कागदोपत्री घेतला गेलेला एक साधा वाटणारा निर्णय अधिक महत्त्वाचा ठरला.

एका माचोंगच्या ताब्यातील, ठरलेल्या सीमांची जमीन म्हणजे आकिंग. तीत दरवर्षी झूम, म्हणजे फिरत्या शेतीचे तुकडे वाटून देणारा, सीमेचे वाद सोडवणारा आणि यज्ञ-उत्सवांत पुढे असणारा पुरुष म्हणजे नोकमा. परंतु नोकमाला हे पद लाभते ते कुळाच्या वारस स्त्रीचा नवरा म्हणून. तो स्वतः दुसऱ्या माचोंगचा असतो. जमीन पत्नीच्या कुळाची, तिच्या संमतीवाचून ती परक्याला देता येत नाही, आणि पत्नीचे भाऊ व मामा, म्हणजे च्रा, त्याच्यावर लक्ष ठेवून असतात. प्रशासनाला मात्र कोणाशी बोलायचे, कोणाची सही घ्यायची, यासाठी एक नाव हवे होते आणि ते नोकमाचे निघाले. आकिंगच्या नकाशांवर आणि नोंदींत तेच नाव आले. नोकमा मालक की विश्वस्त, या प्रश्नाचे उत्तर रूढीत पुरेसे स्पष्ट होते. कागदावर ते धूसर झाले. हा डाव मुद्दाम रचलेला होता असे म्हणता येणार नाही, परंतु जो नवरा त्या कुळातलाही नव्हता आणि मालकही नव्हता, त्याच्या सहीला यामुळे जे वजन आले ते पूर्वी कधीच नव्हते.

मिशनऱ्यांचा परिणाम त्यामानाने निराळा आहे. १८६३ मध्ये पहिल्या दोघा गारोंनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६७ मध्ये पहिले बॅप्टिस्ट चर्च उभे राहिले. सासूशी विवाह आणि कोंबड्याच्या आतड्यांवरून शकुन पाहून लागणारी लग्ने चर्चने नाकारली. आईचे आडनाव आणि मुलीचा वारसा मात्र ख्रिस्ती घरांतही चालू राहिला. धर्मांतराने मातृवंश मोडला, हे सर्रास केले जाणारे विधान म्हणूनच पटत नाही.

स्वातंत्र्यानंतर, ईशान्येतील आदिवासी भागांना स्वायत्तता देणाऱ्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीखाली १९५२ मध्ये स्वायत्त जिल्हा परिषद आली, १९७२ मध्ये मेघालय राज्य झाले. १९७१ च्या जमीन हस्तांतरण कायद्याने आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर निर्बंध घातले, परंतु आकिंगच्या आत कोण किती जमीन कायमची घेतो हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. झूमचे रान काही वर्षांनी पुन्हा कुळाच्या हाती येत असे. काजू, सुपारी आणि रबराची बाग लावणाऱ्याला तीच जागा दशकानुदशके हवी असते, म्हणून तो नोकमाचे ना-हरकत पत्र घेऊन वैयक्तिक पट्टा मिळवतो. दक्षिण गारो टेकड्यांत कोळशाचे पैसे आले, तेव्हा त्या पत्राची किंमत आणखी वाढली. २०१४ मध्ये उंदीरबिळांच्या पद्धतीच्या खाणकामावर बंदी आली तरी पट्टे देण्याची पद्धत बदलली नाही.

सीमेपलीकडे बांगलादेशात, मैमनसिंह आणि मधुपूरच्या पट्ट्यात, गोष्ट दुसऱ्या वाटेने गेली. तेथे सपाट भूमीवरची कायम भातशेती होती, १९५० च्या कायद्याने जमीनदारी रद्द होऊन रयतांच्या नावे हक्क आले आणि १९६४ च्या दंगलींत हजारो गारो भारतात पळाले, तेव्हा मागे राहिलेल्या बऱ्याच जमिनी गेल्या. मधुपूरच्या जंगलात राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यावर उरलेल्यांचे हक्क अधिकच अनिश्चित झाले. २००४ च्या जानेवारीत, तेथे इको-पार्कसाठी बांधल्या जाणाऱ्या भिंतीविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार होऊन एक गारो तरुण मारला गेला. याच भागातील अनेक मुली ढाक्याच्या ब्यूटी पार्लरांत कामाला गेल्या आणि त्यांच्या पगारावर गावाकडची घरे चालू लागली.

मेघालयात पंचायतींमधील स्त्रियांच्या राखीव जागांची घटनात्मक तरतूद लागू नाही, कारण सहाव्या अनुसूचीचे प्रदेश राज्यघटनेच्या पंचायतींविषयीच्या भागातून वगळले आहेत. जमिनीच्या वारस स्त्रिया असल्या तरी परिषदेत आणि नोकमांच्या बैठकीत बोलणारे बहुधा पुरुषच असतात. पगारातून तुरा शहरात बांधलेले घर, बँकेतील ठेव किंवा दुकान ही रूढीच्या जुन्या चौकटीत कधी नव्हतीच, आणि त्यातला वाटा मुलालाही द्यावा असे मानणाऱ्या आईवडिलांना आता कुळातील मंडळींशी आधी बोलून घ्यावे लागते.