इटालियन हॉल: कॅल्युमेटने पाडलेली इमारत

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, सुपिरियर सरोवरात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पात तांबे थेट धातूच्या रूपातच सापडते. कॅल्युमेट अँड हेक्ला ही तिथली सर्वांत मोठी खाणकंपनी. 1870च्या दशकात काही वर्षे देशातले निम्म्याहून अधिक तांबे या एका कंपनीच्या खाणींतून निघत होते. आसपासच्या वस्त्या, कामगारांची घरे, दवाखाना, वाचनालय, सगळ्यांवर कंपनीचा हात होता. या वस्त्यांना लागून असलेले रेड जॅकेट हे गाव मात्र वेगळे. त्याची स्वतःची ग्रामपालिका होती आणि दुकाने, बँका, दारूचे गुत्ते, निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांच्या मंडळांची सभागृहे इथेच उभी राहिली. 1929मध्ये याच गावाचे नाव कॅल्युमेट झाले.

इथली व्यापारी इमारत बहुतेक एकाच बेताची असे: तळमजल्यावर दुकाने, वर सभागृह. इटालियन स्थलांतरितांच्या परस्पर-साहाय्य मंडळाने 1908मध्ये सेव्हंथ स्ट्रीटवर बांधलेला इटालियन हॉल अशाच बेताचा होता. दोन मजली, विटांचा. खाली चहा-किराण्याचे दुकान आणि एक गुत्ता, वर रंगमंच असलेले मोठे दालन. वास्तुकलेचा नमुना म्हणून त्याचे कौतुक कुणी केले नसते. पण खाणकामगारांना कंपनीची परवानगी न मागता जमता येईल अशा थोड्या छपरांपैकी ते एक होते, आणि माझ्या मते त्याचे मोल ठरवताना पहिली नोंद हीच करायला हवी.

23 जुलै 1913 रोजी वेस्टर्न फेडरेशन ऑफ माइनर्स या खाणकामगारांच्या युनियनच्या झेंड्याखाली संप सुरू झाला. मागण्या होत्या आठ तासांचा दिवस, वेतनवाढ, युनियनला मान्यता आणि एकट्याने चालवायचे नवे ड्रिल (खडकात भोके पाडायचे यंत्र) बंद करणे. त्याआधी ड्रिलवर दोघे जण असत; अंधारात अपघात झाला तर हाक मारायला सोबती असे. नव्या यंत्राने तो सोबतीही गेला आणि एक रोजगारही. कंपन्या युनियनशी बोलायलाच तयार नव्हत्या.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी युनियनच्या महिला शाखेने संपकऱ्यांच्या मुलांसाठी वरच्या दालनात खाऊ आणि भेटवस्तू वाटण्याचा कार्यक्रम ठेवला. गर्दी शेकड्यांची होती. कुणीतरी ‘आग!’ असे ओरडले. आग नव्हतीच. लोक रस्त्याकडे उतरणाऱ्या जिन्यावर धावले, पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर कोसळले. 73 जण गुदमरून मेले. त्यांत बहुतेक मुले होती, आणि बहुसंख्य कुटुंबे फिनिश. मृतदेह नेऊन ठेवले ते गावच्या टाउन हॉलमध्ये. त्याला जोडूनच 1900 साली सुरू झालेले कॅल्युमेट थिएटर आहे. ते आजही उभे आहे.

ओरडणारा कोण, हे मृत्यूचौकशीत ठरले नाही. त्याच्या कोटावर संपविरोधी सिटिझन्स अलायन्सचे बटण होते, असे काही साक्षीदारांनी सांगितले. दोन दिवसांनी युनियनचे अध्यक्ष चार्ल्स मॉयर यांना शेजारच्या हॅनकॉकमध्ये मारहाण झाली, गोळी लागली आणि तशाच अवस्थेत त्यांना आगगाडीत बसवून जिल्ह्याबाहेर धाडण्यात आले. एप्रिल 1914मध्ये संप युनियनला मान्यता न मिळताच संपला.

हॉल मात्र पुढे कित्येक दशके वापरात होता. 1968च्या संपानंतर कंपनीने खाणकामच आवरले, गाव रिकामे होत गेले आणि इमारत मोडकळीस आली. 1984मध्ये ती पाडली. स्थानिकांच्या खटपटीमुळे दाराची वालुकाश्म आणि विटांची कमान तेवढी वाचली. इथे चिडायला कारण आहे: पाचच वर्षांनी, 1989मध्ये कॅल्युमेटचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ जाहीर झाला आणि 1992मध्ये कीविनॉ नॅशनल हिस्टॉरिकल पार्क स्थापन झाले. खाली बँक आणि वर बंधुसंघांच्या बैठकीच्या खोल्या अशी 1889ची युनियन बिल्डिंग मात्र तग धरून राहिली. तिची डागडुजी होऊन आज तिथे या पार्कचे अभ्यागत केंद्र आहे. आपली गोष्ट सांगणारे कुणी येईपर्यंत टिकून राहणे हॉलला जमले नाही.

नुकसान भावनेपुरते नाही. 1987मध्ये लावलेल्या राज्याच्या फलकावर लिहिले होते की जिन्याची दारे आत उघडणारी होती. म्हणजे गर्दीच्या रेट्यात ती उघडता आली नसती, आणि दोष थोडा बांधकामाचाही. पुढच्या संशोधकांनी ते खोडून काढले: त्या वेळच्या चौकशीत दारांविषयी तक्रारच नाही, आणि ती बाहेर उघडत असल्याचे पुरावे आहेत. दारे बाहेर उघडत असतील तर दोष सुताराकडून ओरडणाऱ्याकडे सरकतो, म्हणून हा प्रश्न किरकोळ नाही. इमारत असती तर चौकट, बिजागऱ्यांच्या जागा, पायऱ्यांची रुंदी आणि चढ प्रत्यक्ष तपासता आले असते. आता हा वाद जुनी छायाचित्रे आणि जबान्यांचे कागद समोर ठेवूनच चालतो.