असिटिलयुक्त ॲमिनो आम्ल पूरके

ॲमिनो आम्लाच्या (प्रथिनांच्या घटकाच्या) नायट्रोजनला असिटिल गट, म्हणजे दोन कार्बनचा छोटा रासायनिक तुकडा, जोडून बनवलेली पूरके. साधे आम्ल पाण्यात विरघळत नसेल किंवा टिकत नसेल, तर असा बदल करतात. शरीराला मात्र मूळ आम्लच लागते. जोडलेला गट यकृत, मूत्रपिंड आदी ठिकाणची ॲमिनोॲसिलेज विकरे (एन्झाइम) काढून टाकतात. हे काम सर्व आम्लांच्या बाबतीत सारखेच चोख होत नाही.

टायरोसिनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ते लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळते, त्यामुळे शिरेतून देण्याच्या पोषणद्रवात पुरेसे घालता येत नाही. एन-असिटिल टायरोसिन सहज विरघळते, म्हणून ते वापरून पाहिले गेले. रक्तातील टायरोसिन फारसे वाढले नाही. दिलेल्या मात्रेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जसाच्या तसा लघवीवाटे निघून गेला. विरघळणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. तरीही पूरकांच्या डब्यांवर हाच प्रकार ‘अधिक परिणामकारक’ म्हणून छापला जातो, ही ग्राहकाची दिशाभूल आहे. वजनाचा हिशेबही उलटाच पडतो: ३५० मिग्रॅच्या कॅप्सूलमधला सगळा असिटिल गट निघाला, तरी टायरोसिन मिळते सुमारे २८४ मिग्रॅ. साधे टायरोसिन तोंडाने घेतल्यास रक्तात व्यवस्थित उतरते. थंडी आणि विरळ हवेच्या ताणावर अमेरिकी लष्कराने केलेल्या प्रयोगांत साधेच टायरोसिन दिले होते, तेही शरीराच्या दर किलो वजनामागे १०० मिग्रॅ; म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ ग्रॅम.

सिस्टीनच्या बाबतीत चित्र पालटते. साध्या सिस्टीनचे द्रावणात ऑक्सिडीकरण होऊन न विरघळणारे सिस्टाइन तयार होते. एन-असिटिल सिस्टीन (एनएसी) अधिक टिकते आणि त्याचा असिटिल गट आतडे व यकृतात निघतो. तोंडाने घेतल्यास १० टक्क्यांहून कमी भाग मूळ रूपात रक्तात पोहोचतो, पण ही उणीव नव्हे. सुटलेल्या सिस्टीनपासून यकृत ग्लुटाथायोन हे पेशींचे रक्षण करणारे द्रव्य बनवते. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत ग्लुटाथायोनचाच साठा संपून यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या ८ तासांत एनएसी दिल्यास यकृत बहुधा वाचते. कफ पातळ करण्यासाठीही ते देतात. औषधाच्या दुकानात मिळणारी त्याची ६०० मिग्रॅची फसफसणारी गोळी पाण्यात टाकली की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्यातील गंधकाचा.

ग्लुटामिनच्या बाबतीत असिटिल गटाऐवजी ॲलानिनची जोड देतात, कारण साधे ग्लुटामिन निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेत विघटित होते. ही अडचण सलाइनच्या बाटलीतली आहे. चमच्याने घ्यायच्या कोरड्या पुडीत या जोडरूपासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.