बॉक्सरची दोरी आणि '१० मिनिटं = ३० मिनिटं' चा घोळ

दोरीवरच्या उड्या हा मुळात लहान मुलांचा खेळ, तो बॉक्सिंगमध्ये रुजला त्यामागे घड्याळ आहे. १८६७ मध्ये लंडनला बॉक्सिंगचे नवे नियम छापले गेले, त्याआधी राउंड वेळेवर संपायचाच नाही, कोणीतरी खाली पडला की संपला, त्यामुळे तयारी म्हणजे मैलोनमैल चालणं, धावणं आणि घाम काढणं. मग ग्लोव्ह्ज आले, ३ मिनिटांचा राउंड आणि १ मिनिट विश्रांती आली, आणि पाय हलते ठेवणाऱ्याचे दिवस आले. १८९२ ला न्यू ऑर्लिन्सच्या हेवीवेट फाइटमध्ये ते सगळ्यांनी बघितलं, अंगापिंडाने दणकट चॅम्पियन २१ व्या राउंडला आडवा झाला आणि त्याला पाडणारा त्याच्यापेक्षा हलका, सतत सरकत राहणारा होता. ३ मिनिटं दोरी, १ मिनिट थांबा, ही पद्धत याच घड्याळातून आलेली आहे.

१९६० च्या दशकापर्यंत तर दोरी हा लोकांनी बघायला यायचा प्रकार झाला होता, एक हेवीवेट चॅम्पियन गाण्याची रेकॉर्ड लावून तालावर दोरी मारायचा.

आणि मग आलं १९६८. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका विद्यापीठात ९२ मुलांवर ६ आठवडे प्रयोग झाला, काहींनी रोज १० मिनिटं दोरी मारली, काहींनी ३० मिनिटं जॉगिंग केलं, शेवटी ठरावीक लयीत पायरी चढ-उतर करायला लावून नंतरची नाडी मोजली. दोन्हीकडे सुधारणा जवळपास सारखीच निघाली. बस, एवढंच. पण यातून '१० मिनिटं दोरी म्हणजे ३० मिनिटं धावणं' हे वाक्य तयार झालं, ते सगळीकडे फिरलं, आणि फिरता फिरता त्याला कॅलरी चिकटल्या, ज्या त्या पायरीच्या टेस्टमध्ये मोजल्याच नव्हत्या. साधा हिशोब करून बघा, दोरी मारताना शरीर शांत बसल्यापेक्षा साधारण १२ पट एनर्जी खर्च करतं, जॉगिंगला साधारण ७ पट, म्हणजे १० मिनिटांचे झाले १२० आणि ३० मिनिटांचे २१०. बरोबरी कुठे होते? शिवाय ती कॉलेजची साधी मुलं होती, बॉक्सर नव्हे. माझं स्पष्ट मत आहे की या एका वाक्याने दोरीचं भलं कमी आणि नुकसान जास्त केलं, कारण ते धरून कोणी सकाळचं रोडवर्क (रस्त्यावरचं लांब धावणं) बंद केलं तर शेवटच्या राउंडला दम त्याचाच जाणार, आणि दोरीचा खरा फायदा मात्र बाजूलाच राहतो.

तो खरा फायदा पायांत आहे. चांगला बॉक्सर दोरी मारताना जवळून बघा, 'उडी' म्हणावी असं काही दिसतच नाही, पाय जमिनीपासून दोरी जाईल इतकेच सुटतात, टाच टेकत नाही, सगळा भार चवड्यावर आणि वजन या पायावरून त्या पायावर सरकत असतं, अगदी रिंगमध्ये सरकतं तसंच. पोटऱ्या आणि टाचेची शीर स्प्रिंगसारखी वागायला शिकतात. कोपरं अंगाला लागून, फिरतं ते फक्त मनगट, आणि हात तसेच धरून ठेवल्याने राउंडच्या शेवटी खांदे भरून येतात, गार्ड, म्हणजे चेहरा झाकायला वर धरलेले हात, खाली पडायची वेळ नेमकी हीच असते. लय चुकली की दोरी लगेच पायात अडकते, चूक कोणी सांगावी लागत नाही.

दोरी पण बदलत गेली, आधी लाकडी मुठीची चामड्याची, मग प्लॅस्टिकची, मग बेअरिंगवाली तारेची. तारेची फिरते भन्नाट पण ती कुठे आहे हे हाताला कळत नाही, म्हणून नवख्याने जरा जड दोरी घ्यावी, मधोमध एक पाय ठेवून मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर.

आत्ताचा बदल परत घड्याळाचाच. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांचे राउंड २ मिनिटांचे, ४ होते, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकला पुरुषांसारखेच ३ मिनिटांचे ३ झाले, आणि मग दोरीचा टायमरही २ वरून ३ वर न्यावा लागतो.